परदेशात ‘प्री-मेडिकल’: प्रवेश घेण्याआधी आणि पुढचा प्रवास ठरवण्याआधी

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. भिवंडी, मालेगाव, नांदेड, सोलापूर, मिरज, खेड, चिपळूण. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, कधी मामू किंवा मोठा भाऊ, आणि आता अम्मीही स्वतः फोन करतात. प्रश्न साधारण एकच असतो: “मार्क पास होण्यापुरते आहेत, सरकारी सीट लागणार नाही, खासगीची फी परवडत नाही. बाहेर पाठवावं का? एजंट म्हणतो आधी प्री-मेडिकल करायचं, मग पुढे सगळं सोपं आहे.”

दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरातून फोन आला होता. मुलगी परदेशात ‘प्री-मेडिकल’ची दोन वर्षं करून सुट्टीला आली होती. घरच्यांचा समज असा, की पोरगी आता डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला जाणार. तिच्या हातातली गुणपत्रिका मात्र जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाची होती. वैद्यकीय शिक्षण अजून सुरूच झालं नव्हतं. अब्बांनी बाजारातला गाळा विकून फी भरली होती, आणि मुलीच्या नीटच्या निकालाची मुदत संपायला थोडेच महिने उरले होते.

त्या घराची फसवणूक झाली असं सरळ म्हणता येत नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं सगळं खरंच होतं. फक्त ‘प्री-मेडिकल’ या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगितला नव्हता. म्हणून हा लेख. यात प्रवेशाचे नियम आहेत, कागदपत्रं आहेत, पैशाचा हिशोब आहे. शिक्षण चालू असताना घरी येणं-जाणं, वाटेत उमरा, अचानक परतावं लागणं आणि पदवीनंतर तिसऱ्या देशात जाणं, याबद्दलही लिहिलं आहे. लेख जपून ठेवा, घरात मोठ्याने वाचा, आणि कुणी प्रवेश घेत असेल तर त्याला द्या.

‘प्री-मेडिकल’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे बारावी सायन्सनंतर मूल थेट एमबीबीएसला जातं. सगळ्या देशांत तसं नाही. ‘प्री-मेडिकल’ किंवा ‘प्री-मेड’ म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या आधीचं शिक्षण. ते डॉक्टरीचं पहिलं वर्ष नसतं. देशागणिक त्याचं रूप बदलतं.

अमेरिकेत प्री-मेड नावाची वेगळी पदवी नसते. विद्यार्थी चार वर्षांची पदवी घेतो, विषय कुठलाही असू शकतो. त्यासोबत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे वैद्यकीय कॉलेजांनी मागितलेले विषय पूर्ण करतो. मग एमकॅट ही परीक्षा देतो. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीत मिळतात. त्यानंतर चार वर्षांच्या एमडीसाठी अर्ज. तिथली एमडी ही डॉक्टरीची पहिली पदवी आहे, आपल्याकडच्या एमडीसारखी पदव्युत्तर नव्हे. म्हणजे पदवीची चार आणि एमडीची चार, एकूण आठ वर्षं. त्यानंतर रेसिडेन्सी. शिवाय तिथली बरीच वैद्यकीय कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, आणि तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. पदवीला प्रवेश मिळाला म्हणजे पुढे एमडीची जागा पक्की, असं अजिबात नाही.

फिलिपिन्समध्येही पद्धत अमेरिकेसारखीच. आधी बीएस ही विज्ञानाची पदवी, मग एनमॅट ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षांची एमडी. एजंट ‘बीएस-एमडी’ असं जोडनाव सांगतो, त्यामुळे तो एकच अभ्यासक्रम वाटतो. ते दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत.

कॅरिबियन बेटांवरची अनेक कॉलेजं बारावीनंतर प्री-मेड देतात, मग बेटावर मूलभूत विषय शिकवतात आणि दवाखान्यातलं प्रशिक्षण अमेरिकेत किंवा दुसऱ्या देशात करून घेतात.

रशिया आणि मध्य आशियातल्या काही विद्यापीठांत भाषेचं तयारी वर्ष असतं. तेही डॉक्टरीचं वर्ष धरलं जात नाही.

याउलट बांगलादेशात आपल्यासारखंच आहे: बारावीनंतर थेट पाच वर्षांची इंग्रजी माध्यमाची एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिथे प्री-मेडचा प्रश्नच येत नाही.

यातली कुठलीच पद्धत मुळात वाईट नाही. अमेरिकेत प्री-मेड करून नामवंत डॉक्टर झालेले लोक आहेत. पण मुलाला शेवटी कुठे डॉक्टरी करायची आहे, हे आधी ठरलं पाहिजे. भारतात करायची असेल तर भारताचा नियम पाहावा लागतो, आणि तो नियम प्री-मेडची वर्षं मोजत नाही.

भारताचा नियम काय मोजतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नियम जाहीर केले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत. त्यातल्या मुख्य अटी अशा:

१. वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, म्हणजे साडेचार वर्षांचा हवा. बीएस किंवा भाषेचं वर्ष यात धरलं जात नाही. फक्त चार वर्षांची एमडी असेल तर ४८ महिनेच होतात, म्हणजे इथेच गाडी अडते.

२. त्याशिवाय किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत करायची.

३. सगळं शिक्षण आणि दवाखान्यातलं प्रशिक्षण पदवी देणाऱ्या त्याच देशात आणि त्याच संस्थेत व्हायला हवं. थोडं तिकडे, थोडं भारतात, थोडं तिसऱ्या देशात, हे चालत नाही. मध्येच कॉलेज बदलणंही याच अटीत अडकतं.

४. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी हवं.

५. पदवीनंतर त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. ज्या देशाचा कायदा परवाना फक्त आपल्या नागरिकांना देतो, तिथली पदवी भारतात उपयोगी पडणं अवघड.

६. प्रवेशाच्या तारखेपासून १० वर्षांत सगळं पूर्ण व्हायला हवं.

७. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप.

एनएमसी ‘मान्यताप्राप्त परदेशी कॉलेजांची यादी’ काढत नाही. म्हणून “आमचं कॉलेज एनएमसी-मान्य आहे” असं कुणी म्हणालं, तर ते वाक्यच चुकीचं आहे हे ओळखा. ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’मध्ये नाव असणं गरजेचं आहे, पण तीही फक्त यादी आहे. त्यात नाव असलं म्हणजे वरच्या सात अटी पूर्ण झाल्या असं होत नाही. अटी कॉलेजसमोर ठेवून एकेक तपासाव्या लागतात, आणि ते काम पालकांचंच आहे.

नीट आधी

२०१८ पासून परदेशात डॉक्टरी शिकायची असली तरी नीट उत्तीर्ण होणं सक्तीचं आहे. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, ओबीसी आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० पर्सेंटाइल. परदेशी प्रवेशासाठी हा निकाल तीन वर्षं चालतो. नीटशिवाय गेलेलं मूल परत आल्यावर भारतातल्या पात्रता परीक्षेलाच बसू शकत नाही, मग तिकडे त्याने कितीही गुण मिळवलेले असोत.

प्री-मेडवाल्यांसाठी या तीन वर्षांचा अर्थ नीट समजून घ्या. मुलाने आधी दोन-चार वर्षं बीएसमध्ये घालवली आणि मग एमडीला किंवा दुसऱ्या देशातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा ठरवलं, तर तोवर नीटची मुदत संपलेली असू शकते. मग पुन्हा नीट द्यावी लागते. बारावीचा अभ्यास सुटून तीन-चार वर्षं झाल्यावर ते सोपं नसतं.

आपल्या समाजातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण नीटसाठी केंद्राची यादी धरली जाते आणि नॉन-क्रीमीलेअर दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फॉर्म भरण्याआधी तहसील किंवा सेतू केंद्रात जाऊन केंद्राचा दाखला काढून घ्या.

कॉलेजला आणि एजंटला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न तोंडी विचारू नका. ईमेलवर विचारा आणि उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरून मागवा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला किंमत नाही.

– पदवीचं नेमकं नाव काय? ती एकाच अभ्यासक्रमाची आहे की दोन वेगळ्या?
– प्रवेशपत्रावर पहिल्या दिवसापासून वैद्यकीय अभ्यासक्रम लिहिला आहे का, की बीएस किंवा तयारी वर्ष?
– इंटर्नशिप धरून आणि सोडून किती महिने?
– इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात? तो त्याच संस्थेचा आहे का?
– परदेशी विद्यार्थ्याला परवाना मिळतो, हे कोणत्या कायद्यात किंवा नियमात लिहिलं आहे?
– सहाही वर्षं इंग्रजीत, की तिसऱ्या वर्षापासून स्थानिक भाषेत?
– मागच्या तुकड्यांतले किती भारतीय विद्यार्थी भारतातली पात्रता परीक्षा पास झाले? त्यातल्या दोघा-तिघांशी बोलणं करून द्याल का?
– मूल मध्येच सोडून आलं तर कोणती फी परत मिळते?

शेवटच्या दोन प्रश्नांवर एजंट गप्प झाला तर तुम्हीही थांबा. आमचा अनुभव असा, की त्याच कॉलेजात चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेला आपल्या जिल्ह्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटांत जे सांगते, ते हॉलमधल्या सेमिनारात दोन तासांतही कळत नाही. मुलगी पाठवत असाल तर एखाद्या मुलीशीच बोला. वसतिगृहाची वेळ, रात्रीचा रस्ता, हिजाबबद्दलचा कॉलेजचा नियम, मेसमध्ये हलाल मिळतं का, नमाजला जागा आहे का, हे तिलाच खरं माहीत असतं.

कागदपत्रं: नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्याकडे नावाचा घोळ फार. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर फक्त नाव आणि शेख. पासपोर्टवर मोहम्मदचं कुठे पूर्ण स्पेलिंग, कुठे ‘मोहड’ असं आखूड रूप. आईचं नाव एका ठिकाणी बी लावून, दुसऱ्या ठिकाणी बानो लावून. गावात यामुळे काही अडत नाही. पण परदेशी विद्यापीठ पासपोर्टवरचं नाव पदवीवर छापतं, आणि सहा वर्षांनी भारतात पात्रता परीक्षेचा अर्ज भरताना दहावी, बारावी, नीट, पासपोर्ट आणि पदवी यांवरची नावं जुळवून पाहिली जातात. नीटचा फॉर्म भरण्याआधी, म्हणजे अकरावीतच, सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा. फरक असेल तर राजपत्रात नाव दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट आधी काढा आणि त्याची मुदत पाहा. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. लहानपणी उमऱ्यासाठी काढलेला पाच वर्षांचा पासपोर्ट घेऊन मूल गेलं तर तो शिक्षणाच्या मध्येच संपतो. तिथल्या भारतीय दूतावासात नवा मिळतो, पण व्हिसा जुन्या पासपोर्टवर असतो आणि धावपळ वाढते. बरेच देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय प्रवेश देत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जन्मदाखल्यावर हेग करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं. त्याआधी राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण होतं. याला वेळ लागतो, निकालानंतर धावू नका. मूळ कागद कुठल्याही एजंटच्या ताब्यात ठेवू नका. तो “सुरक्षित राहतील” म्हणाला तरी नको.

पैशाचा हिशोब

एजंट पहिल्या वर्षाचा आकडा सांगतो. तुम्ही सगळ्या वर्षांचा मांडा. त्यात फी, वसतिगृह, मेस, विमा, व्हिसाचं दरवर्षीचं नूतनीकरण, वर्षातून एकदा घरी येण्याचं तिकीट, परतल्यावर पात्रता परीक्षेच्या क्लासची फी आणि त्या काळात कमाई नसलेलं एक-दीड वर्ष, हे सगळं धरा. प्री-मेड असेल तर त्याची वर्षंही वरून धरा. फी डॉलरमध्ये असते. रुपया घसरला की तोच कोर्स महाग होतो, म्हणून हिशोबात थोडी वाढ आधीच ठेवा.

पैसे नेहमी बँकेतून विद्यापीठाच्या खात्यावर पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे फीसाठी रोखीचा किंवा हवालाचा मार्ग धरण्याचं काही कारण नाही. एका मर्यादेच्या वर बँक टीसीएस कापते. तो आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून पावत्या जपा.

केंद्र सरकारची ‘पढो परदेस’ ही अल्पसंख्याकांसाठीची व्याज सवलत योजना २०२२-२३ पासून बंद आहे, आणि ती चालू होती तेव्हाही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठीच होती. कुणी तिच्या नावावर पैसे मागत असेल तर सावध व्हा. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचं शैक्षणिक कर्ज परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांपर्यंत आहे. महाराष्ट्रात त्याचं काम मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ पाहतं. उत्पन्नाच्या अटी आहेत, जामीनदार लागतो आणि मंजुरीला वेळ जातो, म्हणून जिल्हा कार्यालयात आधीच चौकशी करा. व्याजाचा प्रश्न अनेक घरांना अडवतो. त्याबद्दल आपापल्या आलिमांशी बोलून निर्णय घ्या. पण तो निर्णय प्रवेशाच्या आधी घ्या. दुसऱ्या वर्षाची फी थकल्यावर सावकाराकडे जाण्याची पाळी येऊ देऊ नका.

शिक्षण चालू असतानाचा प्रवास

मूल एकदा गेलं की पहिला प्रश्न येतो सुट्टीचा. तिकीट काढण्याआधी व्हिसा पाहा. काही देश पहिला विद्यार्थी व्हिसा फक्त एका प्रवेशाचा देतात. विमानतळातून आत गेलात की तो वापरला गेला. मग तिथे पोहोचल्यावर निवास परवाना किंवा बहुप्रवेश व्हिसा करून घेईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परत येण्यासाठी नव्याने व्हिसा लागतो. पहिल्या वर्षी बहिणीच्या निकाहसाठी घाईत आलेली मुलं इथेच अडकतात. निकाहची तारीख ठरवताना मुलाच्या सेमिस्टरचं वेळापत्रकही पुढ्यात ठेवा.

हजेरीचा प्रश्नही आहे. वैद्यकीय शिक्षणात बुडलेले तास भरून द्यावे लागतात. कोविडच्या काळात ऑनलाइन शिकलेल्या अनेकांना परतल्यावर प्रत्यक्ष प्रशिक्षणाबद्दल खुलासे द्यावे लागले, काहींची भारतातली इंटर्नशिप लांबली. तिथे प्रत्यक्ष हजर असल्याचा पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के. म्हणून जुना पासपोर्ट फेकू नका, प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

अमेरिकेत प्री-मेड करणाऱ्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथे एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही. सुट्टीला देशाबाहेर जाताना आय-२० या कागदावर कॉलेजच्या अधिकाऱ्याची प्रवासाची सही हवी, आणि शिकत असताना ती सही एक वर्ष चालते. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर भारतात येऊन नवा काढावा लागतो आणि मुलाखतीच्या तारखेसाठी थांबावं लागतं. चार आठवड्यांच्या सुट्टीत ते होईलच असं धरू नका. एमकॅट, मुलाखती, उन्हाळ्यातलं दवाखान्यातलं काम, हे सगळं याच सुट्ट्यांत बसवायचं असतं. म्हणून घरी यायचं वर्ष आणि तिथेच थांबायचं वर्ष आधी ठरवा.

उमऱ्याबद्दल बरेच जण विचारतात. घरी येताना-जाताना वाटेत उमरा करावा अशी इच्छा असणं साहजिक आहे. सौदी अरेबियाने जानेवारी २०२३ पासून आपल्या विमान कंपन्यांच्या प्रवाशांसाठी ९६ तासांच्या थांब्याचा व्हिसा सुरू केला, त्यावर उमरा करता येतो. नुसुक या अधिकृत व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. असा व्हिसा हजसाठी चालत नाही, हजच्या दिवसांत त्यावर मक्केत राहण्याचा प्रयत्न करू नका. आणि मुलाचा शिक्षणाच्या देशाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सत्राच्या मध्ये उमऱ्याला जाऊ नका. अल्लाहच्या घरी जाऊन आलेलं मूल कॉलेजच्या देशाच्या विमानतळावर अडकून पडलं, तर घरादाराची झोप उडते. कायमचं परतताना किंवा मोठ्या सुट्टीत, निवास परवाना हातात असताना उमरा करा. ते निवांतही होतं.

अचानक परतावं लागलं तर

गेल्या काही वर्षांत हे चार वेळा पाहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि हजारो भारतीय विद्यार्थी ‘ऑपरेशन गंगा’तून शेजारच्या देशांमार्गे परतले. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केक शहरात परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले आणि दूतावासाने मुलांना खोल्यांतच राहायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या आंदोलनाच्या काळात मुलं सीमेवरून परतली. जून २०२५ मध्ये इराणमधल्या युद्धात ‘ऑपरेशन सिंधू’ झालं, उर्मियातले विद्यार्थी आर्मेनियामार्गे दिल्लीला आले.

या चारही वेळा बाहेर पडताना पासपोर्ट स्वतःजवळ असणं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. म्हणून पासपोर्ट वसतिगृहाच्या ऑफिसात किंवा एजंटच्या माणसाकडे ठेवू देऊ नका. व्हिसाच्या कामासाठी दिला तर पावती घ्या आणि परत मागत राहा. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात दूतावासात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवा. गुणपत्रिकांच्या स्कॅन प्रती घरी पाठवत राहा. घरच्या तिकिटाइतकी रक्कम बाजूला असू द्या.

युक्रेनहून परतलेल्यांना भारतातल्या कॉलेजात सामावून घेतलं गेलं नाही, हेही लक्षात असू द्या. बऱ्याच जणांना दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पुरं करावं लागलं, आणि त्यासाठी एनएमसीला खास सवलत द्यावी लागली. अशी सवलत पुन्हा मिळेल असं धरून देश निवडू नका.

पदवीनंतरचा प्रवास

भारतात परतणाऱ्यांसाठी आज एफएमजीई ही परीक्षा आहे. वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर हवेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण गेल्या काही वर्षांत बहुतेक सत्रांत एक-तृतीयांशाहून कमी विद्यार्थी पास झाले. पुढे तिची जागा नेक्स्ट ही परीक्षा घेणार आहे. पहिल्या वर्षापासून भारतीय पुस्तकांतून समांतर अभ्यास करणारी मुलं यात टिकतात. पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत तात्पुरती नोंदणी, एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग कायम नोंदणी.

ब्रिटनला जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा आणि प्लॅबचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा भारतातही देता येतो, दुसरा मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. म्हणजे परीक्षेच्या फीसोबत व्हिसा आणि राहण्याचा खर्च आला. अमेरिकेसाठी यूएसएमएलईच्या परीक्षा आणि ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतं. आखाती देशांसाठी त्या-त्या देशाच्या आरोग्य खात्याची परीक्षा, कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि बहुतेक वेळा कामाचा अनुभव. दुबई किंवा रियाधमध्ये मामू आहेत म्हणून पदवी हातात येताच नोकरी लागेल, असं धरू नका. आधी भारतात किंवा पदवीच्या देशात कायम नोंदणी, मग अनुभव, मग आखात, हा क्रम ठेवला तर कागद अडत नाहीत.

आणि अमेरिकेत प्री-मेड, मग एमडी करून भारतात परतायचा विचार असेल, तर प्रवेशाआधीच एनएमसीला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. आठ वर्षांनंतर विचारून उपयोग होत नाही.

शेवटी

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारणारे असतात. नीटची मुदत संपण्याआधी तिने दुसऱ्या देशात सहा वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि अभ्यास बरा चाललाय. तिच्यासोबत बारावी झालेल्या मैत्रिणी तिच्या दोन वर्षं पुढे आहेत. गाळ्यात आता दुसऱ्याचं दुकान आहे. अब्बा त्याच बाजारात भाड्याच्या टपरीवर बसतात. आमच्याशी बोलताना त्यांनी एवढंच सांगितलं: “प्रवेशपत्र आलं तेव्हा मी फक्त फीचा आकडा वाचला. कोर्सचं नाव वाचून घेतलं असतं तर बरं झालं असतं.”

तुमच्या घरी असं पत्र आलं, तर फीच्या आधी कोर्सचं नाव वाचा, मग महिने मोजा, मग व्हिसाचा प्रकार पाहा. इंग्रजी कळत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या शिक्षकाकडून किंवा डॉक्टरकडून वाचून घ्या. यात शरमेचं काही नाही. मुलाची सहा वर्षं आणि घराची सगळी पुंजी त्या एका कागदावर उभी असते. अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि आसानी देवो.